ताप आला तर आधी दिवस मोजा : सीमाभागातील मोठ्या माणसांच्या तापाविषयी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पाऊस सुरू झाला की तापाचे रुग्ण वाढतात आणि दिवाळी होईपर्यंत ते फारसे कमी होत नाहीत. तापलेला मोठा माणूस समोर येऊन बसला की मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की आज तापाचा कितवा दिवस. बहुतेक वेळा उत्तर येते, "झाले की चार-पाच दिवस." या चार आणि पाचमध्ये पुष्कळ काही दडलेले असते. डेंगीची कोणती तपासणी उपयोगी पडेल, मुदतीच्या तापासाठी (टायफॉइडसाठी) रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, पाठवावे का, रुग्णाला घरी ठेवता येईल की दाखल करावे लागेल, हे बरेचसे त्या मोजणीवर ठरते. म्हणून इथे आधी दिवस घेतले आहेत आणि आजारांची नावे मागून.

पहिले तीन दिवस घरी काय करावे

अंगाला हात लावून ताप कळत नाही. तो थर्मामीटरनेच मोजावा. साधा डिजिटल थर्मामीटर कोणत्याही औषध दुकानात मिळतो. तो जिभेखाली ठेवून तोंड बंद करावे आणि शिटी वाजेपर्यंत थांबावे. त्याआधी पंधरा मिनिटे चहा किंवा गार पाणी घेतलेले नसावे. काखेतले माप तोंडातल्या मापापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने कमी येते, म्हणून आकड्याशेजारी "काख" असे लिहून ठेवावे, स्वतः अंश वाढवू नये. निरोगी माणसाचेही तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी थोडे जास्त असते. तोंडातले माप सकाळी 99 च्या वर किंवा संध्याकाळी 100 च्या वर गेले तर तो ताप समजावा. "अंगात नुसती कसर आहे" असे आपल्याकडे म्हणतात, ती कसरही मोजून लिहावी, कारण रोज संध्याकाळी येणारी बारीक कसर हा काही आजारांचा एकमेव पुरावा असतो.

लिहिण्यासाठी वेगळी वही नसली तरी चालते, भिंतीवरच्या दिनदर्शिकेची चौकट पुरते. ताप ज्या दिवशी पहिल्यांदा जाणवला तो पहिला दिवस. त्यापुढे रोज तीन वेळा तापमान, घेतलेल्या गोळीचे नाव व वेळ, आणि लघवी किती वेळा झाली, एवढे टिपावे.

तापावर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची 500 किंवा 650 मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचे अंतर असावे आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त गोळ्या होऊ नयेत. ज्यांना यकृताचा आजार आहे, जे रोज दारू पितात किंवा ज्यांचे वजन फार कमी आहे, त्यांनी यापेक्षा कमी मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉलच असते, त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांतून एकच औषध दुप्पट पोटात जाण्याचा धोका खरा आहे. पट्टीच्या मागचे घटक वाचावेत. डेंगी नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही औषधे अंगदुखीसाठी घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मात्र ज्यांना हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन लावून दिलेली आहे त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

पाण्याकडे मात्र गोळीपेक्षा जास्त लक्ष द्यावे असे माझे ठाम मत आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाकाठी अडीच ते तीन लिटर पातळ पदार्थ पोटात गेले पाहिजेत. त्यात पेज, अंबील, ताक, शहाळे, डाळीचे पाणी हे सगळे चालते. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावे, अर्धे पाकीट ग्लासात टाकून ते पिऊ नये. चार ते सहा तासांत एकदा फिकट लघवी होत असेल तर पाणी पुरते आहे. ताप फार चढला तर कोमट पाण्याने अंग पुसावे. बर्फाच्या पाण्याने हुडहुडी वाढते. थंडी वाजते म्हणून दोन घोंगड्या पांघरणेही टाळावे.

एका सवयीबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. "एक सुई मारून द्या, उद्या कामावर जायचे आहे," ही मागणी आपल्याकडे रोजची आहे, आणि काही ठिकाणी त्या सुईत स्टिरॉइड असते. त्याने ताप तासाभरात उतरतो, अंगात हुशारी येते, पण जंतूंशी लढण्याची शरीराची ताकद घटते आणि खरे निदान दोन-तीन दिवस मागे पडते. मधुमेह असेल तर साखर भडकते. कोणतीही सुई घेण्याआधी तिच्यात काय आहे हे विचारावे आणि ते नाव कागदावर लिहून घ्यावे.

दिवस न मोजता निघावे अशा खुणा

पुढील गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी पहिल्या दिवशीसुद्धा घरी थांबू नये. माणूस गोंधळल्यासारखा बोलतो किंवा झोपेतून नीट जागा होत नाही, मिनिटाला श्वास चोविसाच्या वर जातो (पूर्ण मिनिट घड्याळ धरून मोजावा), ऑक्सिजन मोजण्याच्या यंत्रावर आकडा 94 च्या खाली येतो, वरचा रक्तदाब 100 च्या खाली आहे, सहा-आठ तास लघवी झालेली नाही, मान ताठ झाली आहे आणि डोके असह्य दुखते, झटका आला, अंगावर लाल ठिपके आले किंवा हिरड्यांतून रक्त येते, डोळे पिवळे झाले, पाणीही पोटात ठरत नाही. गरोदर स्त्री, डायलिसिसवरचा, केमोथेरपी घेणारा, स्टिरॉइडच्या गोळ्यांवर असलेला किंवा साखर आटोक्यात नसलेला रुग्ण यांनी तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गाडीची सोय नसेल तर 108 ला फोन करावा. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवरून पावसात खाली यायला वेळ लागतो, तिथल्या लोकांनी अंधार पडण्याआधी निर्णय घ्यावा.

तिसऱ्या दिवसानंतर : कोणती तपासणी कधी

सर्दी, घशात खवखव, अंगदुखी असा विषाणूंचा साधा ताप बहुधा तीन-चार दिवसांत उतरू लागतो. तो उतरत नसेल आणि ताप कुठून आला हे दिसत नसेल, तर तिसऱ्या दिवशी तीन तपासण्या कराव्यात: रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, हिवतापासाठी रक्त, आणि डेंगीची एनएस-1 (विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी). हिवतापाची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनाशुल्क होते. एनएस-1 ही पहिल्या पाच दिवसांत विश्वासाची असते. त्यानंतर ती नकारात्मक आली तरी डेंगी नाही असे म्हणता येत नाही. तेव्हा आयजीएम (डेंगीविरुद्ध शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांची तपासणी) करावी लागते, आणि ती पहिल्या तीन-चार दिवसांत करणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. दिवस मोजा, असे मी का म्हणतो ते इथे लक्षात येईल.

विडाल या टायफॉइडसाठीच्या रक्ततपासणीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. दुसऱ्याच दिवशी विडाल करून "टायफॉइड निघाला" असे सांगितले गेलेले कितीतरी रुग्ण मी पाहतो. ज्या भागात हा आजार कायम असतो तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही या तपासणीचे आकडे वाढलेले सापडतात, शिवाय इतर तापांतही ते वाढतात. एकदाच केलेल्या विडालवर निदान ठरवू नये. मुदतीच्या तापाचा खरा पुरावा म्हणजे रक्ताचे कल्चर, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी, शक्यतो पहिल्या आठवड्यात, घ्यावे लागते. कल्चरचा अहवाल यायला दोन ते पाच दिवस लागतात, पण कोणते औषध चालेल हेही त्यातून कळते. योग्य औषध सुरू झाल्यावरही मुदतीचा ताप उतरायला चार-पाच दिवस घेतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ताप आहे या कारणाने डॉक्टर बदलू नयेत.

डेंगीमध्ये लोकांचे सगळे लक्ष "पेशी किती", म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) किती, याकडे असते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा क्षण वेगळा आहे. डेंगीचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि नेमका तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागते, रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरू शकतो. हा काळ 24 ते 48 तासांचा असतो. ताप उतरल्यावर पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे, फार मलूल होणे, मासिक पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्त जाणे, यांपैकी काही दिसले तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. रोजच्या अहवालात प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा, आकडाही पाहावा. प्लेटलेट घसरत असताना तो चढत असेल तर रक्त घट्ट होत आहे. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या बाहेरून चढवण्याची सहसा गरज नसते. त्या दोन-तीन दिवसांनी आपोआप वाढू लागतात, आणि त्याचे श्रेय बहुधा पपईच्या पानांच्या रसाला दिले जाते. रसाच्या भरवशावर पाणी आणि देखरेख चुकवू नये.

चिकुनगुन्याही डेंगीच्याच डासाने पसरतो. 2006 साली कर्नाटकात आणि महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली होती, ती ज्यांनी सोसली त्यांना मुठी न वळणाऱ्या सकाळी आठवत असतील. त्यात जिवाला धोका कमी, पण सांधेदुखी महिनोन्‌महिने टिकू शकते.

शेत, गोठा आणि काजूची बाग

दिवसांनंतरचा दुसरा प्रश्न असा, की ताप येण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत आपण कुठे होता. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण भाताच्या चिखलात उभे राहणे किंवा वैरण कापणे ही त्याच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्ट नसते.

भाताच्या रोपलावणीनंतर किंवा कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या पुराचे पाणी अंगणात येऊन गेल्यानंतर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका ठेवावी. 2019 च्या ऑगस्टमध्ये चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग भागातल्या असंख्य घरांत असे पाणी होते. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुत्रातले जंतू त्या पाण्यातून भेगाळलेल्या पायांवाटे शरीरात शिरतात. एकदम चढलेला ताप, पोटऱ्या दाबल्या तरी कळ येईल अशी दुखणे, आणि पू नसताना लाल झालेले डोळे, या तीन खुणा एकत्र दिसल्या की अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करणे इष्ट असते. डोळे पिवळे होणे किंवा लघवी कमी होणे म्हणजे यकृत व मूत्रपिंडांपर्यंत आजार पोचला आहे.

गवत आणि झुडपांत काम करणाऱ्यांना होणारा स्क्रब टायफस हा माझ्या अनुभवात सर्वात जास्त चुकवला जाणारा ताप आहे. अगदी बारीक माइट किड्याची अळी चावते, चावल्याचे कळत नाही, आणि त्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती न दुखणारी आणि न खाजणारी असल्यामुळे रुग्णालाही ठाऊक नसते. काख, जांघ, स्तनांखालची घडी, कमरेच्या नाडीखालची जागा, गुडघ्यामागची बाजू अशा झाकलेल्या ठिकाणी ती असते. एका बाईंना सहाव्या दिवशी आणले तेव्हा दुसरीकडे दोन अँटिबायोटिक बदलून झाली होती. खपली साडीच्या गाठीखाली होती आणि कोणी पाहिलीच नव्हती. घरातल्या माणसाने चांगल्या उजेडात सगळे अंग एकदा तपासावे, त्यात संकोच करू नये. यावरचे औषध डॉक्सिसायक्लिन हे जुने व स्वस्त आहे: बहुधा 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. गरोदर स्त्रियांना त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन दिले जाते. औषध लागू पडले तर ताप दोन दिवसांत ओसरतो; न ओसरल्यास निदानाचा पुन्हा विचार करावा लागतो. उशीर झाला तर हाच आजार फुप्फुसे आणि मेंदू धरतो.

खानापूर तालुक्यातून काजूच्या हंगामात गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात कामाला जाणाऱ्यांनी माकडतापाची माहिती ठेवावी. कन्नडमध्ये त्याला मंगन कायिले म्हणतात. 1957 साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीच्या चाव्याने तो होतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. अचानक ताप, डोके व स्नायू प्रचंड दुखणे, कधी नाका-हिरड्यांतून रक्त, आणि काहींना थोडे बरे वाटून पुन्हा ताप, असा त्याचा मार्ग असतो. खास औषध नाही, पण वेळेवर दाखल झाल्यास बहुतेक रुग्ण वाचतात. रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आशा ताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

ताप कुठून आला हे दिसत असेल तर

घसा दुखत असून बरोबर खोकला आणि सर्दीही असेल तर कारण बहुधा विषाणू असतो आणि अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला मात्र नाही, असे चित्र असेल तर डॉक्टरांना दाखवावे. सायनसचा त्रास बहुधा दहा दिवसांच्या आत अँटिबायोटिकशिवाय ओसरू लागतो.

लघवीला जळजळ आणि वारंवार जावे लागणे, पण ताप नाही, असा त्रास स्त्रियांमध्ये मूत्राशयापुरता असतो आणि थोड्या दिवसांच्या औषधाने बरा होतो. त्याच्याबरोबर थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली पाठीत कळ असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे. तेव्हा अँटिबायोटिकआधी लघवीचे कल्चर घ्यावेच. पुरुषांमध्ये आणि गरोदरपणी लघवीचा कोणताही संसर्ग साधा समजू नये.

खोकला, ताप आणि छातीत श्वासागणिक टोचणे म्हणजे न्यूमोनियाची शंका. वय 65 च्या पुढे, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त, रक्तदाब कमी, बोलण्यात गोंधळ, यांपैकी दोन गोष्टी असतील तर दाखल व्हावे. पाय लाल, गरम होऊन सुजतो आणि लाली पसरत जाते, त्याला आपल्याकडे धावरे म्हणतात. त्यावर लेप लावण्याआधी पेनने लालीची कड आखून ठेवावी, म्हणजे ती वाढते की थांबते हे तासांच्या हिशेबाने कळते. मधुमेही माणसाने मात्र कड आखून वाट पाहू नये. जुलाब पाण्यासारखे असतील तर ओआरएस हेच औषध. रक्त पडत असेल किंवा ताप जास्त असेल तरच अँटिबायोटिकचा विचार.

ज्या औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. शेजाऱ्याच्या उरलेल्या तीन गोळ्यांनी ताप जात नाही, पण कल्चरमध्ये जंतू मात्र उगवेनासा होतो आणि निदान हातचे जाते.

कागद आणि भाषा

आपल्याकडे निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला, अथणीचा मिरजेला आणि खानापूरचा कधी बेळगावला तर कधी गोव्याला जातो. प्रत्येक ठिकाणी तपासण्या नव्याने होतात, कारण आधीचे कागद घरी राहिलेले असतात. एकच फायल ठेवावी आणि त्यात दिनदर्शिकेच्या चौकटींचा मोबाईलवर काढलेला फोटोही असावा. सरकारी रुग्णालयात परिचारिका कन्नडमध्ये विचारील, "एष्टु दिन आयितु?" म्हणजे किती दिवस झाले; त्याचे उत्तर मराठीत दिले तरी आकडा बरोबर असावा. ज्वर हा शब्द दोन्हीकडे एकच आहे. चळी म्हणजे थंडी, केम्मु म्हणजे खोकला, वांती म्हणजे उलटी, भेदी म्हणजे जुलाब, मै-कै नोवु म्हणजे अंगदुखी, आणि उरी मूत्र म्हणजे लघवीची जळजळ. घरातल्या एकाने एवढे शब्द पाठ करून ठेवावेत. घाईच्या वेळी दुभाषा सापडत नाही.

दोन आठवड्यांनंतरही ताप आहे

खोकला दोन आठवड्यांहून जास्त, संध्याकाळचा ताप, रात्री घाम आणि वजनात घट, असे असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करावी. ती आणि सहा महिन्यांचे उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य आहेत, आणि उपचाराच्या काळात पोषणासाठी महिना 1000 रुपये बँक खात्यात जमा होतात. ही तपासणी होण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध खोकल्यासाठी घेऊ नये. त्याने क्षय काही दिवस दबतो आणि सापडत नाही.

गोठा असलेल्या घरात आणखी एका आजाराचा विचार करावा, तो म्हणजे ब्रुसेला. चढउतार होणारा ताप, भिजवून टाकणारा घाम, कंबर आणि सांधे दुखणे, आठवडेच्या आठवडे. म्हैस अडली असताना हात घालून वासरू ओढणे, वार उघड्या हातांनी उचलणे किंवा न तापवलेले दूध पिणे, यांतून तो येतो. म्हैस गाभडली असेल तर शंका वाढते. साध्या तपासण्यांत तो दिसत नाही; त्याची वेगळी रक्ततपासणी सांगावी लागते आणि उपचार दोन औषधांनी किमान सहा आठवडे चालतात. म्हणून लांबलेल्या तापाच्या रुग्णाने डॉक्टरांनी विचारले नाही तरी गोठ्यात जनावरे किती, त्यांतले कोणते गाभडले आणि ते कोणी सोडवले, हे आपणहून सांगावे.